भंगारातला डीव्हीडी रेकॉर्डर आणि आपल्या इतिहासाचा ताबा



डिजिटल टीव्हीच्या काळात कुणी जुना डीव्हीडी रेकॉर्डर वापरत असेल तर लोक त्याला हसतात. "मोबाइलवर सगळे मिळते, यूट्यूबवर सगळे सापडते, मग हे धूड कशाला सांभाळता?" देवगाव फाट्यावर हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सेलू, मंठा आणि जिंतूरकडून येणारी पोरे इथे चहाला थांबतात. त्यातली बरीच चळवळीत काम करणारी आहेत आणि नेमकी तीच हा प्रश्न विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. ज्या समाजाकडे आपल्यावर घडलेल्या गोष्टींची स्वतःच्या ताब्यातली नोंद नसते, त्याचा इतिहास दुसरेच लिहितात. यंत्र नवे आहे की जुने हा प्रश्न नंतरचा. नोंद कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न पहिला.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला तेव्हा मराठीत वर्तमानपत्रांची वाण नव्हती. वाण होती आपली बाजू छापणाऱ्या पत्राची. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. छापखाना होता, शाई होती, कागद होता. पण काय छापायचे हे ठरवणारा हात आपला नव्हता.

पुढे ६ डिसेंबर १९५६ नंतर खुद्द बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे बंद पेट्यांत पडून राहिली. महाराष्ट्र सरकारच्या 'लेखन आणि भाषणे' मालेचा पहिला खंड निघाला तो १९७९ साली, वसंत मून यांच्या संपादनाखाली. चौथ्या खंडातल्या 'रिडल्स'वरून १९८७-८८ मध्ये वाद पेटला आणि आपला समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला. विचार करा, ती पाने पेटीतच कुजून गेली असती तर कशासाठी उतरलो असतो? माणूस गेल्यावर त्याचा विचार टिकतो, हे खरे. पण कुणीतरी कागद सांभाळला तरच टिकतो.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. कित्येक कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. १९७८ मध्ये आपल्या गावात कॅमेरा नव्हता. दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ पासून चालू होते, पण ते सरकारी. त्या दिवसांबद्दल आज आपल्या घरात काय आहे? म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि थोडीफार पिवळी पडलेली कात्रणे. ती माणसे एकेक करून जात आहेत. म्हणूनच आज कुणीही उठतो आणि सांगतो की दंगल दोन्ही बाजूंनी झाली.

व्हिडिओ आला आणि परिस्थिती थोडी बदलली. व्हीएचएस कॅसेट १९७६ मध्ये जपानमध्ये निघाली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांपासून रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आला. नव्वदच्या दशकात लग्नाचे शूटिंग करणाऱ्याच्या खांद्यावर कॅमेरा आला आणि त्याच कॅमेऱ्याने भीमजयंतीची मिरवणूक, गायन पार्टीचा सामना, विहाराचे उद्घाटन, पुढाऱ्यांची भाषणे टिपली. हे कुठल्या वाहिनीने दाखवले नाही, कुठल्या विद्यापीठाने जपले नाही. ते आजही आपल्या लोकांच्या कपाटात आणि माळ्यावर पडलेले आहे.

हे चित्रण किती कामाचे असते ते रमाबाई नगरने दाखवले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेध करणाऱ्यांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० जण मेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असा बचाव झाला. टीव्हीवर दिसणारे चित्र त्या बचावाला पूरक ठरले. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी पुढची १४ वर्षे चित्रण केले आणि 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट आला. त्यात टँकरच्या या गोष्टीची चिरफाड आहे. चौकशी आयोगानेही गोळीबार समर्थनीय मानला नाही. एकच घटना, पण टीव्हीवरचे काही मिनिटांचे चित्र एक सांगते आणि १४ वर्षे जपलेले चित्रण दुसरेच सांगते. जपणारा कुणी नसता तर पहिलेच चित्र खरे ठरले असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. टीव्हीवर दिसलेली गोष्ट सामान्य माणसाला स्वतःजवळ ठेवता येत होती ती अ‍ॅनालॉग काळामुळे. केबलची वायर थेट व्हीसीआरमध्ये घाला आणि बटण दाबा. १९९९ च्या अखेरीस जपानमध्ये घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर विक्रीला आला, तेव्हा कॅसेटची जागा डिस्कने घेतली, पण अधिकार तोच राहिला. कुणाला विचारायची गरज नव्हती.

२०११ मध्ये केबल टीव्हीचा कायदा बदलला आणि डिजिटायझेशन सुरू झाले. २०१२ मध्ये महानगरांपासून सुरुवात झाली, खेड्यापाड्यांसाठी शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ठरली. दूरदर्शनचे जमिनीवरचे बहुतेक अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद झाले. त्या दिवसापासून जुन्या रेकॉर्डरचा ट्यूनर आंधळा झाला. त्यावर आता फक्त मुंग्या दिसतात. चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या, हे मान्य. पण एक गोष्ट गुपचूप हातातून गेली. सेट टॉप बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय असली तरी ते रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सला बांधलेले असते. बॉक्स बिघडला किंवा वर्गणी संपली की ते गेले. दुसऱ्या टीव्हीवर किंवा वकिलाच्या संगणकावर ते चालत नाही. बघायची परवानगी आहे, ठेवायची नाही.

इथे जुना रेकॉर्डर कामाला येतो. बऱ्याच सेट टॉप बॉक्सना मागे अजून पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन भोके असतात. पिवळ्यातून चित्र, लाल-पांढऱ्यातून आवाज. काही बॉक्सना एकच बारीक भोक असते, त्याला एका टोकाला तीन फाटे असलेली वायर लागते. ही वायर रेकॉर्डरच्या एव्ही इनपुटला जोडायची आणि रिमोटवर ट्यूनरऐवजी तेच इनपुट निवडायचे. ४.७ जीबीच्या साध्या डिस्कवर चांगल्या प्रतीत सुमारे २ तास मावतात, प्रत कमी केली तर ४ तास. टायमर लावताना लक्षात ठेवा, रेकॉर्डर वेळेवर जागा होईल पण बॉक्सवरची वाहिनी तो बदलणार नाही. ती आधीच लावून ठेवावी लागते. रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्क 'फायनलाइज' केली नाही तर ती दुसऱ्या प्लेअरवर चालत नाही. आपल्याकडे लोडशेडिंगचा भरवसा नाही, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका. काही सशुल्क वाहिन्या नक्कलबंदीचा सिग्नल सोडतात, तिथे रेकॉर्डर नकार देतो. दूरदर्शनच्या मोफत डिशवर ही अडचण सहसा येत नाही. चित्र एचडी येणार नाही. पण कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या वाहिनीने काय सांगितले हे नोंदवायला एचडी लागत नाही.

"वाहिनीकडे असतेच की," असे कुणी म्हणेल. वाहिन्यांना प्रक्षेपणाची नोंद ठेवण्याचे सरकारी बंधन आहे ते ९० दिवसांचे. पुढे काय ठेवायचे ते मालक ठरवणार. "यूट्यूबवर असतेच की," असेही कुणी म्हणेल. जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या माहितीपटाच्या लिंक सरकारी आदेशाने कशा बंद झाल्या ते आपण पाहिले आहे. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली, आणि कित्येक आठवडे मोठ्या माध्यमांना ती बातमीच वाटली नव्हती. ज्यांना तेव्हा बातमी वाटली नाही, ते आज आपले चित्रण आपल्यासाठी सांभाळतील का?

हे काम एकटा माणूस करू शकतो का? अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने ते केले. त्या ग्रंथपाल होत्या, डाव्या विचारांमुळे नोकरीला मुकलेल्या. १९७९ पासून त्यांनी घरातल्या अनेक टीव्हींवर चोवीस तास बातम्या रेकॉर्ड केल्या, त्या थेट २०१२ मध्ये मरेपर्यंत. सुमारे ७०,००० कॅसेट जमल्या. लोक त्यांनाही विक्षिप्त म्हणत. आज तो संग्रह इंटरनेट अर्काइव्हकडे आहे आणि अमेरिकेच्या टीव्ही बातम्यांचा तसा सलग संग्रह शोधून सापडणार नाही.

नोंद ठेवली म्हणजे न्याय मिळाला असे मात्र नाही. याचा धडा आपल्या शेजारीच आहे. फाट्यावरून मंठ्यामार्गे रस्ता जातो त्या जालन्याचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची वेळ उलटून गेल्यावर घेतला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा, सीडीवर उतरवलेला. पण त्या सीडीला लागणारे प्रमाणपत्र मागूनही मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत प्रमाणपत्र हवेच. मात्र सर्व प्रयत्न करूनही संबंधित अधिकारी ते देत नसेल तर पक्षकाराला त्याची शिक्षा होणार नाही. निवडणूक रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तेव्हा टीव्हीवरून उतरवलेली डिस्क कोर्टात एकटी पुरेशी ठरेल असे समजू नका. पण कोणत्या वाहिनीकडून, कोणत्या तारखेचे, कोणत्या वेळेचे मूळ चित्रण मागायचे, हे ती डिस्कच सांगते. तेही ९० दिवस संपायच्या आत.

आणि परभणी आपण कशी विसरू? १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलीस वस्त्यांत घुसले. कायद्याचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेले. शवविच्छेदनात अनेक जखमा आढळल्या. वस्तीतल्या लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला मुख्यमंत्री सीसीटीव्ही चित्रणाचा आधार देऊन विधिमंडळात मारहाण झाली नाही असे सांगत होते. शेवटी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण १८ महिने जपावे, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष तरी, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० लाच सांगून ठेवले आहे. म्हणजे सरकारी चित्रणालाही मुदत आहे. खटला मात्र दहा-दहा वर्षे चालतो.

म्हणून प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे आहे.

एक, माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेट आजच खाली काढा. व्हीसीआर बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू व्हीसीआर मिळेनासा होतो आहे आणि टेपला बुरशी लागते आहे. व्हीसीआरची वायर रेकॉर्डरला जोडली की संगणकाशिवाय कॅसेट डिस्कवर उतरते.

दोन, डिस्कवर विसंबून राहू नका. स्वस्त डिस्क काही वर्षांतच खराब होते. तीच फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक विहारात आणि एक दुसऱ्या गावात.

तीन, प्रत्येक डिस्कसोबत वही ठेवा. तारीख, वेळ, वाहिनी किंवा शूटिंग करणारा, ठिकाण, कोण बोलते आहे. नाव नसलेले चित्रण वीस वर्षांनी मुके होते.

चार, मोबाइलवरचे मूळ चित्रण पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नक्कल म्हणजे मूळ नव्हे. अन्यायाची घटना असेल तर तो मोबाइलच जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

पाच, खासगी उपयोगासाठी आणि अभ्यासासाठी केलेल्या नोंदीला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे. त्या डिस्क विकायला बसू नका.

नवे तंत्र शिकायलाच हवे. बाबासाहेबांच्या लेकरांनी मागे राहावे असे कुणीच म्हणणार नाही. पण ज्या यंत्रावर आपला ताबा आहे ते केवळ जुने झाले म्हणून भंगारवाल्याच्या गाडीवर टाकण्याआधी, त्याच्या बदल्यात मिळालेल्या नव्या यंत्राची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते एकदा बघा. भंगारवाला त्या रेकॉर्डरचे वजनावर पैसे देईल. तेवढ्याच पैशात तीन रंगांची एक वायर येते.

जयभीम!