खंडाळा देऊन घेतलेलं महाबळेश्वर

सुट्टी मिळाली की "कुठेतरी जायचं" हे आपण इतकं गृहीत धरलंय, की त्यालाही काही इतिहास असेल असं डोक्यात येत नाही. ऑनसाइटवाली मंडळी डिसेंबरात पोराबाळांसकट कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावर जातात. मनगटाला रंगीत पट्टा, खाणंपिणं सगळं पॅकेजमध्ये, समोर निळंशार पाणी. आपण ऑफशोअरवाले लाँग वीकेंड दिसला की गाडी काढतो आणि पसरणी घाटाला लागतो. मनगटाला पट्टा नसतो आणि निळ्या पाण्याच्या जागी वेण्णा लेक असतं, एवढाच काय तो फरक. :-)

बाकी दोन्ही गोष्टींची जन्मकथा बरीचशी सारखी आहे. आज त्यातली आपल्याकडची, म्हणजे साताऱ्याची गोष्ट सांगतो.

आधी एक साधा प्रश्न. आपले पणजोबा सुट्टीला कुठे जायचे? उत्तर: जायचेच नाहीत. घराबाहेर पडायला दोनच कारणं असायची, नातेवाईक किंवा देव. मामाचं गाव, लग्नकार्य, नाहीतर पंढरपूर, जेजुरी, काशी. जिथे ना आपलं कुणी राहतं ना देव आहे, अशा ठिकाणी पैसे खर्च करून जाऊन नुसतं बसायचं, हे कुणाला सांगितलं असतं तर त्याने काळजीने विचारलं असतं, "बरं वाटत नाही का?"

आणि गंमत म्हणजे तो प्रश्न अगदी बरोबर ठरला असता. हे प्रकरण सुरू झालं ते आजारपणातूनच.

कॅरिबियनचंच बघा. १७५१ साली व्हर्जिनियातला एक १९ वर्षांचा मुलगा आपल्या सावत्र भावाला घेऊन बार्बाडोसला गेला. भावाला क्षय होता, उबदार समुद्री हवेने गुण येईल अशी आशा होती. गुण काही आला नाही. पुढच्याच वर्षी भाऊ गेला. मुलाला मात्र तिथे देवी आल्या, आणि तो त्यातून वाचला. मुलाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन. अमेरिकेबाहेरचा त्याचा आयुष्यातला हा एकमेव प्रवास. म्हणजे बेटावर जायचं ते मजेसाठी नाही, फुप्फुसांसाठी! मजा खूप नंतर आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमैकाची केळी अमेरिकेला नेणाऱ्या जहाजांवरून प्रवासी यायला लागले, आणि केळीवाल्यांनीच त्यांच्यासाठी हॉटेलं काढली.

आता येऊ आपल्या डोंगरावर.

मुळात महाबळेश्वरं दोन आहेत. एक क्षेत्र, म्हणजे जुनं महाबळेश्वर. तिथे महाबळेश्वराचं आणि पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथला मानतात. शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती इथेच. दुसरं म्हणजे पेठ, जिथे आपण चणे आणि चपला घेत फिरतो. दोन्हींत अंतर पाच-सहा किलोमीटर. माझ्या आजीचं सगळं आयुष्य सातारा जिल्ह्यात गेलं. ती क्षेत्राला दोन-तीनदा जाऊन आली होती, पण पेठेत एक रात्रही राहिली नाही. "तिथं काय हाय बघायला?" हा तिचा प्रश्न. देव तर अलीकडेच संपला होता ना!

पेठेची गोष्ट सुरू होते १८२४ मध्ये. साताऱ्यात असलेला लॉडविक नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी डोंगर चढून वर आला आणि हवेच्या प्रेमात पडला. (पुढे तो जनरल झाला आणि १८७३ मध्ये वारला. लॉडविक पॉइंटवरचा खांब त्याच्या मुलाने उभारलेला आहे.) मे महिन्यातल्या मुंबईत इंग्रज सोल्जर तापाने आणि हगवणीने मरत होते. डास आणि मलेरियाचा संबंध कळायला अजून सत्तरेक वर्षं होती. तेव्हाचं शास्त्र म्हणायचं, दोष हवेचा आहे, हवा बदला. साडेचार हजार फुटांवर अशी थंड हवा मिळत असेल तर अजून काय पाहिजे?

पण एक अडचण होती. डोंगर इंग्रजांचा नव्हता, साताऱ्याच्या छत्रपतींचा होता.

गादीवर होते छत्रपती प्रतापसिंह महाराज. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनीच त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं होतं. रस्ते, पाणी, शाळा यांत मनापासून लक्ष घालणारा हा राजा. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी गळ घातली तेव्हा महाराजांनी साताऱ्याहून डोंगरावर चांगला रस्ता बांधून दिला. त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आले. १८२८ मध्ये आजारी सोल्जरांसाठी प्रायोगिक सॅनेटोरियम सुरू झालं (आजच्या भाषेत पायलट प्रोजेक्ट) आणि १८२९ मध्ये रीतसर तह झाला. महाराजांनी डोंगरावरची जागा इंग्रजांना द्यायची आणि त्या बदल्यात त्यांना एक गाव मिळायचं: खंडाळा.

थांबा, लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे! हे सातारा जिल्ह्यातलं, तेव्हा वाईच्या मुलखात मोडणारं खंडाळा. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना शिरवळ मागे पडलं की खंबाटकी घाटाच्या आधी जे गाव लागतं, ते. आपण प्रत्येक ट्रिपला महाबळेश्वरच्या किमतीला वळसा घालून पुढे जातो, तेही वडापाव खात, "अजून किती राहिलं रे?" असं विचारत.

नव्या वस्तीला नाव मिळालं माल्कम पेठ. माल्कमच्या बायकोच्या नावाने माउंट शार्लट, मुलीच्या नावाने केट्स पॉइंट. अख्ख्या फॅमिलीचा बंदोबस्त झाला म्हणायचा.

यापुढचा भाग मात्र पॉइंटवरच्या पाटीवर लिहिलेला सापडत नाही. तहाला दहा वर्षं होतात न होतात तोच, १८३९ मध्ये, प्रतापसिंह महाराजांवर इंग्रजांविरुद्ध कट केल्याचा आळ आला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, वगैरे. गव्हर्नर कार्नॅक म्हणाले, गुन्हा कबूल करा, गादी ठेवतो. महाराजांनी सही करायला नकार दिला. न केलेला गुन्हा कबूल करण्यापेक्षा त्यांनी गादी सोडली. त्यांना काशीला पाठवण्यात आलं आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथे दारं ठोठावत राहिले. उपयोग शून्य. (प्रबोधनकार ठाकऱ्यांनी या दोघांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलंय. मिळालं तर जरूर वाचा.) महाराजांनंतर गादीवर आलेले त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले. दत्तक नामंजूर झालं आणि सातारा खालसा. वेण्णा लेक याच आप्पासाहेबांनी १८४२ मध्ये बांधवलेलं. पुढच्या वेळी तिथे बोटीत बसाल तेव्हा लक्षात असू द्या.

आणि हो, महाबळेश्वरला कार्नॅक नावाचाही एक पॉइंट आहे. डोंगर ज्याने दिला त्याची गादी ज्याने काढून घेतली, तेच हे नाव.

बरं, डोंगर तर मिळाला. राबणार कोण? रस्ते आणि बंगले बांधणारे बहुतेक आसपासच्या गावांतलेच लोक, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण एक गट फार चमत्कारिक होता. सिंगापूर-मलाक्का भागात शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी इथे आणून ठेवले होते. १८३० च्या दशकात त्यांच्यासाठी इथे तुरुंग झाला आणि तो १८६४ पर्यंत चालला. या कैद्यांनी मळे फुलवले, साहेबांसाठी इंग्लिश भाज्या आणि उत्तम बटाटे पिकवले, वेताच्या टोपल्या विणल्या. विचार करा, आपल्या घरापासून हजारो मैल लांब, सह्याद्रीच्या धुक्यात, दुसऱ्याच्या सुट्टीसाठी बटाटे लावणारा तो माणूस. कॅरिबियनमधली साखरेची बेटं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभी राहिली, आणि ब्रिटिशांच्या बेटांवर ती गुलामी कायद्याने संपायला १८३४ उजाडलं. जवळपास त्याच सुमारास इथे कैद्यांचे मळे सुरू होत होते. निसर्गरम्य म्हणजे नेमकं कुणासाठी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच पडतो.

साहेबांचं सगळं सुखाचंच होतं असंही नाही. मुंबईहून इथे यायचा एक मार्ग समुद्राचा होता: बोटीने बाणकोट, तिथून सावित्रीच्या खाडीतून महाडकडे, मग घाट चढून वर. १८५३ मध्ये आर्थर मॅलेट नावाच्या अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी बाणकोटजवळ बोट बुडून गेल्या. सावित्रीचं खोरं जिथून दिसतं त्या कड्यावर मॅलेटने घर बांधलं होतं. तो तिथे बसून नदीकडे बघत राहायचा असं सांगतात. तेच आपलं आर्थर सीट. बाटलीचं झाकण खाली टाकलं की वाऱ्याने वर येतं म्हणून आपण जिथे हसत उभे असतो, ती जागा.

पुढे गर्दी वाढत गेली. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम इथे असायचा. पावसाळ्यात सगळे खाली, कारण वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस! रेल्वे आल्यावर वाठार स्टेशनला उतरून टांग्याने वाई, पसरणी घाट, पाचगणी असा प्रवास सुरू झाला. १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी पाचगणीजवळ क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. वॉशिंग्टनच्या भावाचाच आजार, आणि उपायही तोच: हवा. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि हवेची औषध म्हणून किंमत संपली. उरली ती फक्त मजा. रोगी गेले, टुरिस्ट आले.

आणि टुरिस्ट म्हणजे आपण कसे काय झालो? त्याचं श्रेय एका रुक्ष कायद्याला द्यायला हवं. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टने कामगाराला भरपगारी वार्षिक रजेचा हक्क दिला. वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढे दर २० दिवसांमागे एक दिवस, असा त्यातला नियम होता. साहेबाचं सुख साध्या माणसापर्यंत पोचलं ते डोंगरामुळे नाही, या 'भरपगारी' शब्दामुळे. एचआर पोर्टलवर जो पीएलचा बॅलन्स दिसतो ना, तो याच विचाराचा वारसदार.

पण तो सगळ्यांपर्यंत पोचला का? टेबललँडवर घोडा धरून चालणारा पोरगा, वेण्णा लेकवर वल्हं मारणारा, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात वाकून फळं तोडणाऱ्या बायका. (त्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय मानांकन मिळालं.) यांना कुठली पीएल? आपली सुट्टी हा त्यांचा सीझन. आपण येतो तेव्हा त्यांना घरी बसता येत नाही, आणि आपण येत नाही तेव्हा घरी बसावं लागतं.

थोडं पुढे तापोळ्याला जाऊन बघा. 'मिनी काश्मीर' म्हणून फोटो काढतो ते पाणी म्हणजे १९६० च्या दशकातल्या कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. त्याखाली गावं आहेत, म्हणजे होती. वीज राज्याला मिळाली, बोटिंग आपल्याला, आणि तिथल्या लोकांच्या वाट्याला आलं विस्थापन. त्यांतल्या कित्येकांच्या पुनर्वसनाचा झगडा पुढे कित्येक दशकं चालला.

हे सगळं वाचून कुणी महाबळेश्वरला जाऊ नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. मी स्वतः जातो आणि मका-पॅटिसही खातो. पण १८२९ चा तह ही एकदाच होऊन गेलेली गोष्ट नाही, असं मला वाटतं. २००१ मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश जाहीर केला, कारण डोंगराला आपण झेपेनासे झालो होतो. आता त्याच्या शेजारी 'नवीन महाबळेश्वर' वसवायचं चाललंय, काम रस्ते विकास महामंडळाकडे दिलंय. ब्रोशर छान निघतील, प्लॉटच्या जाहिराती आपल्या इनबॉक्समध्ये येतील, आणि त्या विकत घेणारे आपणच असू. ग्राहक म्हणून आपल्याला ईएमआय किती ते विचारता येतं. त्याच दमात अजून दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? हा डोंगर आत्ता कुणाचा आहे, आणि त्याला बदल्यात काय मिळतंय?

प्रतापसिंह महाराजांना निदान खंडाळा तरी मिळालं होतं.