इंधन नेमके कुठे फवारायचे?

शर्यतीच्या मोटारींचा इतिहास बहुधा चालकांच्या नावांनी सांगितला जातो. इंधनपुरवठ्याच्या अंगाने तो वाचला, तर वेगळीच गोष्ट दिसते: अधिक प्रगत वाटणारी पद्धत आधी आली, जिंकली, पण पुढची अनेक वर्षे चालली ती तिच्याहून साधी पद्धत.

४ जुलै १९५४ रोजी पश्चिम जर्मनीने बर्नमध्ये फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. त्याच दिवशी फ्रान्समध्ये रँस येथे मर्सिडीजची डब्ल्यू १९६ प्रथमच शर्यतीत उतरली आणि फान्जिओ व क्लिंग यांनी पहिले दोन क्रमांक पटकावले. तिच्या आठ सिलिंडरांच्या अडीच लिटर इंजिनाला कार्ब्युरेटर नव्हता. बॉशचा पंप प्रत्येक सिलिंडरच्या आतच इंधन फवारीत असे. ही विद्या विमानांकडून आलेली. मेसरश्मिट १०९च्या डाइमलर-बेंझ इंजिनात ती होती. उलट, स्पिटफायरने एकदम नाक खाली घातले की कार्ब्युरेटरमुळे त्याचे मर्लिन इंजिन अडखळे. (त्यावर छोट्या छिद्राच्या चकतीचा उतारा शोधणाऱ्या बिआट्रिस शिलिंग यांनी ब्रुकलँड्सवर मोटारसायकल शर्यतीही गाजवल्या होत्या. त्यांच्यावर मराठीत कुणीतरी सविस्तर लिहायला हवे.)

पण विमानाचे ते इंजिन मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेणारे, तर डब्ल्यू १९६चे साडेआठ हजार. या वेगात एक फेरा सात मिलिसेकंदांत संपतो. हवा आत येऊ लागल्यापासून ठिणगी पडेपर्यंत जेमतेम तेवढाच वेळ. त्यात इंधन फवारायचे, त्याची वाफ व्हायची, ती हवेत मिसळायची. शिवाय नोझल थेट ज्वलनाच्या जागी, म्हणून दाब मोठा आणि पंप डिझेल इंजिनासारखा जड, महागडा.

१९५५अखेर मर्सिडीजने शर्यती सोडल्या. ब्रिटिशांनी लुकसचा मार्ग धरला. त्यात नोझल सिलिंडरबाहेर, हवेच्या नळीत. दाब सुमारे सात बार. मापनयंत्रातील इवलीशी शटल इंधनाच्याच दाबाने मागेपुढे सरके. तिने किती सरकायचे, हे थ्रॉटलला जोडलेला कॅम ठरवी. फवाऱ्याला झडप उघडण्याची वाट पाहावी लागत नसे. वाटेतच इंधनाची वाफ होऊ लागे, हवा थंड होई. थंड हवा दाट, म्हणून सिलिंडरमध्ये ती जास्त मावे.

साधेपणालाही किंमत होतीच. १९५६च्या ल माँ शर्यतीत हॉथॉर्न यांच्या जॅग्वारची इंधनाची एक बारीक नळी तडकली आणि जिंकण्याजोगी गाडी सहावी आली. पुढच्या वर्षी लुकसच्याच फवाऱ्यावर जॅग्वारने ती शर्यत जिंकली. १९६२मध्ये ग्रॅहम हिल यांनी विश्वविजेतेपद मिळवले, त्या बीआरएमवरही लुकसच. ४ जून १९६७ रोजी झांडव्होर्टला जिम क्लार्क यांनी कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन पहिल्याच शर्यतीत जिंकवले: तीन लिटर, नऊ हजार फेरे, सुमारे ४०० अश्वशक्ती आणि फवारा नळीतच. १९८३पर्यंत या इंजिनाने १५५ ग्रां प्री जिंकल्या. माझ्या मते त्या यशात कीथ डकवर्थ यांच्या चार झडपांच्या रचनेचा वाटा सर्वांत मोठा. फवाऱ्याने तिला अडवले नाही, एवढे श्रेय त्याचे.

सिलिंडरच्या आतला फवारा फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचा होऊन परतला तो २०१४मध्ये, ५०० बारच्या कमाल दाबासह. त्याच नियमांनी ताशी १०० किलोपेक्षा अधिक इंधन वापरायला मनाई केली होती.