इंडियन ओपन २०१५: सात फटक्यांचे अंतर आणि माळ्याच्या मुलाची सतरा वर्षे

१/
रविवार, २२ फेब्रुवारी २०१५. दिल्ली गोल्फ क्लबचे मैदान. भारताच्या राष्ट्रीय खुल्या गोल्फ स्पर्धेचा, म्हणजे इंडियन ओपनचा, अखेरचा दिवस. आघाडीवर होता कोलकात्याचा एस.एस.पी. चौरसिया. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी त्याच्यापेक्षा तब्बल सात फटके मागे होता. संध्याकाळी करंडक मात्र लाहिरीच्या हाती होता.

२/
एका दिवसाची ही उलथापालथ क्रीडावृत्तात चार ओळींत मावते. पण तिचे मोल समजायचे, तर गोल्फचे मैदान भारतात कोणाचे होते आणि त्यात भारतीय कोणत्या दाराने शिरले, हे पाहावे लागते. कारण त्या दिवशी समोरासमोर उभे असलेले दोन खेळाडू दोन वेगवेगळ्या दारांनी आत आले होते.

३/
गोल्फ भारतात फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. पेशवाई बुडून तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. १८४२ मध्ये मुंबईतही गोल्फ क्लब निघाला. त्या वर्षी भंडारा अजून नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. हे राज्य खालसा होण्यास आणखी दहा-बारा वर्षे अवकाश होता.

४/
वसाहतकाळात या क्लबांचे सभासदत्व मुख्यतः युरोपीय अधिकारी आणि व्यापारी यांच्यापुरते होते. भारतीय माणूस मैदानावर दिसे, पण सेवक म्हणून. कोणी गवत कापी, कोणी साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहून नेई. पिशवी वाहणाऱ्याला म्हणत कॅडी.

५/
कॅडीचे काम केवळ हमालीचे नसते. चेंडू कोठे पडला, वारा कोणत्या दिशेचा आहे, हिरवळीला उतार किती आहे, कोणती काठी घ्यावी, हे सारे त्याला पाहावे लागते. साहेबांचा खेळ पाहता पाहता कॅडींच्या पोरांना तो कळू लागला. भारतीय गोल्फमध्ये शिरण्याचे पहिले दार हे होते: मागचे, नोकरांचे दार.

६/
दुसरे दार छावणीचे. इंग्रजांनी जेथे पलटणी ठेवल्या, तेथे बहुधा क्लब आणि मैदानेही उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय सैन्याकडे आली. भंडाऱ्याला सर्वांत जवळची छावणी कामठीची, १८२१ मध्ये वसलेली. तेथेही लष्कराचे गोल्फ मैदान आहे. शहरी क्लबांचे महागडे सभासदत्व ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, अशा मध्यमवर्गीय लष्करी कुटुंबांतील मुलांना छावणीच्या मैदानांवर खेळता येऊ लागले.

७/
इंडियन ओपन सुरू झाली १९६४ मध्ये. पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन. हा खेळाडू ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेला. इंडियन ओपनही त्याने पुढे १९६६ आणि १९७६ मध्ये, म्हणजे एकूण तीनदा, जिंकली. आशियात व्यावसायिक गोल्फ रुजवणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी घेतले जाते.

८/
१९६५ मध्ये प्रेमगोपाल सेठी या भारतीयाने ही स्पर्धा जिंकली. सेठी हौशी खेळाडू होते. बक्षिसाच्या रकमेवर पोट भरणारे व्यावसायिक नव्हेत. व्यावसायिकांच्या मेळ्यात हौशी माणसाने बाजी मारावी, ही अपूर्वाईच होती. त्यानंतर मात्र पंचवीस वर्षांहून अधिक काळ भारताच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या विजेत्यांत एकही भारतीय नाव नाही. १९८१ मध्ये विजेता ठरलेला अमेरिकेचा पेन स्टुअर्ट पुढे जगप्रसिद्ध झाला.

९/
हा दुष्काळ १९९१ मध्ये संपला. विजेता होता अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी म्हणून वाढलेला तरुण. इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ मध्ये त्याने पुन्हा ती जिंकली. ज्या मैदानावर इतरांच्या पिशव्या वाहिल्या, त्या मैदानाच्या जगातील सर्वोच्च मान एका कॅडीने मिळवला. मागचे दार आता उघडले होते.

१०/
या दारातून पुढे आलेल्यांपैकी एक शिवशंकर प्रसाद चौरसिया. जन्म १९७८. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची निगा राखणारे माळी. घर मैदानालगत. मुलाला शिकवायला ना प्रशिक्षक होता, ना स्वतःची काठ्यांची जोडी. इतरांचे पाहून तो शिकला. शरीरयष्टी लहान, फटका फार लांबचा नाही. पण हिरवळीजवळचा नाजूक खेळ असा सफाईदार, की सहकाऱ्यांनी त्याचे टोपणनावच त्यावरून ठेवले: ‘चिपपटसिया’.

११/
१९९७ मध्ये तो व्यावसायिक झाला. १९९९ च्या इंडियन ओपनमध्ये दुसरा आला. विजेता अर्जुन अटवाल. २००६ मध्ये पुन्हा दुसरा. विजेता ज्योती रंधावा. २०१३ मध्ये पुन्हा दुसरा. विजेता बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान, तोही कधीकाळी ढाक्याच्या मैदानावर चेंडू गोळा करणारा मुलगा. मधल्या काळात, २००८ आणि २०११ मध्ये, चौरसियाने युरोपियन टूरच्या दोन स्पर्धा भारतातच जिंकल्या होत्या. राष्ट्रीय स्पर्धा मात्र हुलकावणी देत राहिली.

१२/
अनिर्बान लाहिरीची वाट वेगळी. जन्म पुणे, १९८७. वडील लष्करात डॉक्टर. वयाच्या आठव्या वर्षी वडिलांनीच त्याच्या हाती काठी दिली. बदलीच्या नोकरीत गाव बदले, छावणी बदले, पण छावणीचे मैदान बहुधा सोबत असे. पुढे बंगळुरूमध्ये विजय दिवेचा या प्रशिक्षकांच्या हाताखाली तो तयार झाला. हे दुसऱ्या दाराने आलेले मूल.

१३/
२०१५ चा फेब्रुवारी लाहिरीसाठी भरतीचा होता. ८ फेब्रुवारीला क्वालालंपूर येथे, शेवटच्या दिवसाच्या आरंभी पाच फटके मागे असूनही, त्याने मलेशियन ओपन एका फटक्याने जिंकली. युरोपियन टूरवरील हे त्याचे पहिले विजेतेपद. मोठे अंतर एका दिवसात भरून निघू शकते, हे त्याने नुकतेच स्वतः अनुभवले होते.

१४/
गोल्फ न पाहिलेल्यांसाठी हिशेब थोडक्यात. चार दिवस, रोज अठरा होल. चेंडू होलमध्ये टाकायला जितके फटके लागतील तितके मोजायचे. चार दिवसांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. कुशल खेळाडूने किती फटक्यांत पोहोचावे याचा ठरावीक आकडा म्हणजे ‘पार’. एक कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’.

१५/
दिल्लीचे मैदान सुमारे ६,९०० यार्डांचे, म्हणजे सव्वासहा किलोमीटरच्या आसपास. चार दिवसांत चेंडूचा प्रवास पंचवीस किलोमीटर. भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडून लाखनीच्याही थोडे पुढे जावे एवढा. आणि निकाल लागतो तो हातभर अंतरावरून सरकवलेल्या एका फटक्यावर. दोनशे यार्डांच्या फटक्याची आणि हातभर फटक्याची किंमत इथे सारखीच असते.

१६/
त्यात हे मैदान चकव्याचे. जुन्या मकबऱ्यांच्या आणि लाल बंगल्याच्या अवशेषांमधून ते फिरते. वाटा अरुंद, दोन्ही बाजूंना दाट काटेरी झुडपे. चेंडू झुडपात गेला की फटके वाया गेलेच. म्हणून येथे ताकदीपेक्षा अचूकता मोठी. चौरसियासारख्यांना ते मानवते. २००८ चा त्याचा विजय याच मैदानावरचा.

१७/
त्या वर्षी स्पर्धेचे वजनही वाढले होते. इंडियन ओपन प्रथमच आशियाई टूरसोबत युरोपियन टूरच्या वेळापत्रकात आली होती. एकूण बक्षीस पंधरा लाख डॉलर. राष्ट्रीय किताबासोबत युरोपातील मोठ्या स्पर्धांचे दरवाजेही या विजयाने उघडणार होते. आघाडीवर असलेल्याच्या मनावर केवढे ओझे असेल, याची कल्पना यावरून यावी.

१८/
तीन दिवसांअखेर चौरसियाचे फटके २०१, लाहिरीचे २०८. चौथ्या दिवशी लाहिरीने ६९ फटक्यांत फेरी पूर्ण केली. पार ७१, म्हणजे दोन कमी. ही फेरी चांगली खरी, पण सात फटके भरून काढण्याइतकी अचाट नव्हे. उरलेले पाच फटके चौरसियाच्या बाजूने गळाले. त्याला त्या दिवशी ७६ फटके लागले. बेरीज दोघांचीही २७७.

१९/
येथे आघाडीचा एक जुना नियम दिसतो. पाठलाग करणाऱ्याला गमावण्यासारखे काही नसते. तो होलकडे पाहून खेळतो. आघाडीवरचा माणूस झुडपांकडे पाहून खेळू लागतो. कुस्तीप्रमाणे येथे प्रतिस्पर्धी अंगाला भिडत नाही, क्रिकेटप्रमाणे चेंडू टाकत नाही. चेंडू निश्चल पडलेला असतो. जे काही हलते, ते खेळाडूच्या आत.

२०/
बरोबरी झाली की जादा होल खेळवला जातो. त्यावर कमी फटके घेणारा विजयी. पहिल्याच जादा होलवर लाहिरीने बर्डी साधली आणि स्पर्धा संपली. पुण्यात जन्मलेला, छावण्यांत वाढलेला सत्तावीस वर्षांचा तरुण भारताचा विजेता झाला. माळ्याचा मुलगा चौथ्यांदा दुसरा आला.

२१/
लाहिरीचे ते वर्ष पुढेही झळाळले. ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी ही एक, आणि तोवर कोणत्याही भारतीयाने त्यांत इतके वरचे स्थान मिळवले नव्हते. त्याच वर्षी प्रेसिडेंट्स चषकात खेळणारा तो पहिला भारतीय ठरला.

२२/
आणि चौरसिया? २० मार्च २०१६. तेच दिल्लीचे मैदान, तीच स्पर्धा. या वेळी तो दोन फटक्यांनी जिंकला. संयुक्त दुसऱ्या स्थानावर दक्षिण कोरियाचा वांग जंग-हुन आणि गतविजेता अनिर्बान लाहिरी. १९९९ च्या पहिल्या हुलकावणीपासून सतरा वर्षे लोटली होती.

२३/
१२ मार्च २०१७ रोजी स्पर्धा गुरुग्रामच्या नव्या, कठीण मैदानावर झाली. चौरसियाने किताब राखला. ज्योती रंधावानंतर सलग दोनदा जिंकणारा हा दुसरा भारतीय. विजयाचे अंतर होते सात फटके. दोन वर्षांपूर्वी एका दिवसात हातचे गेलेले नेमके तेवढेच.

२४/
या दोन विजयांच्या मध्ये, ऑगस्ट २०१६ मध्ये, रिओ ऑलिम्पिक झाले. १९०४ नंतर, म्हणजे ११२ वर्षांनी, गोल्फ ऑलिम्पिकमध्ये परतला होता. पुरुष गटात भारताचे दोन प्रतिनिधी: अनिर्बान लाहिरी आणि एस.एस.पी. चौरसिया. एक छावणीच्या दारातून आलेला, दुसरा माळ्याच्या झोपडीतून. अंगावर गणवेश मात्र एकच.

२५/
विजेत्यांच्या यादीत २०१५ पुढे लाहिरीचे नाव आहे आणि ते न्याय्य आहे. पण ती यादी १९६४ पासून सलग वाचली, तर तिच्यात एक सामाजिक इतिहासही दिसतो. आधी परदेशी पाहुणे, मग एक हौशी खेळाडू, मग कॅडी, मग फौजींची मुले आणि माळ्यांची मुले. साहेबांच्या मैदानाची मालकी कागदोपत्री केव्हाच बदलली होती. खेळाची मालकी बदलायला आणखी अर्धे शतक लागले, आणि ती बदलली पिशव्या वाहणाऱ्या खांद्यांनी.