जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या स्थापनेमुळे जिनिव्हा शहरास जागतिक महत्त्व प्राप्त झाले. राष्ट्रसंघाच्या सेवेचा अनुभव असलेल्या विल्यम रॅपार्ड व पॉल मांटू यांनी १९२७ मध्ये, रॉकफेलर निधीच्या साहाय्याने, तेथे आंतरराष्ट्रीय अध्ययनाची पदव्युत्तर संस्था स्थापन केली. इतिहास, कायदा व अर्थशास्त्र यांचे एकत्रित अध्ययन हे तिचे वैशिष्ट्य होय.

१९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्यान्वये आयातकर वाढविले. अन्य राष्ट्रांनीही जकातीच्या भिंती उभारल्या. ज्या जागतिक व्यापाराचे अध्यापन वर्गात होत होते, तो प्रत्यक्षात आकुंचन पावत होता. याच काळात नाझीवादाच्या छायेतून बाहेर पडलेले लुडविग फॉन मिसेस १९३४ मध्ये, तर विल्हेल्म रोप्के १९३७ मध्ये या संस्थेत दाखल झाले. मिसेस १९४० मध्ये अमेरिकेस गेले; रोप्के यांनी मात्र अखेरपर्यंत जिनिव्हा सोडले नाही.

राष्ट्रसंघ १९४६ मध्ये विसर्जित झाला. संस्था टिकून राहिली. अध्ययनाने व्यापारयुद्ध अथवा महायुद्ध टळले नाही, हे मान्य करावे लागते. तथापि सत्तेने नाकारलेला विचार विद्यापीठीय आश्रयाने पुढील पिढीपर्यंत पोहोचू शकतो, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.