तुंब्यांत लपलेल्या तीन चाली

यवतमाळ जिल्ह्यांत दारव्हा आणि पुसद यांच्या दरम्यान दिग्रस हें कापसाच्या मुलखांतलें बाजारपेठेचें गांव आहे. काळ्या जमिनीचा हा प्रदेश दुरून सपाट दिसतो. पण पुसदच्या दिशेनें निघालें कीं टेकड्या आडव्या येतात, आणि सपाटीवरहि नाला ओलांडला कीं पलीकडचा चढ असतोच. मोटारींतून जाणाऱ्यास तो जाणवत नाहीं. मागें दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या लटकावून निघालेल्या सायकलस्वारास तो चांगलाच जाणवतो. पेडलवर उभें राहून तो अंगाचा सगळा भार देतो, दहा-वीस हात रेटतो, आणि अखेरीस खालीं उतरून सायकल ढकलूं लागतो. या माणसाच्या गुडघ्यांस आराम देणारी युक्ति १९०२ सालापासून जगांत आहे. मागच्या चाकाच्या तुंब्यांत, म्हणजे कारागीर ज्याला हब म्हणतात त्याच्या पोटांत, ती बसते. ओझें वाहणाऱ्या आपल्याकडील सायकलीशीं तिचें नातें कां जुळलें नाहीं, आणि आज जुळवावयाचें झाल्यास काय पाहावें, हा या भाषणाचा विषय.

मराठी मुलखांतील सायकलीच्या धंद्याचा प्रारंभ सांगतांना बेळगांवचें नांव येतेंच. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे वडील बंधु रामूअण्णा यांनीं तेथें सायकलींचें दुकान काढलें. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत. रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकांस बसावयासहि शिकवीत. त्याच वर्षीं डनलॉप यांनीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें फ्रँक बोडेन यांची रॅले कंपनी स्थापन झाली. किर्लोस्करांचा धंदा पुढें नांगराकडे वळला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. बोडेन मात्र सायकलींतच राहिले, आणि तुंब्यांतील गियर बाजारांत आणण्याचें भांडवल त्यांनींच घातलें.

या गियरला स्टर्मी-आर्चर असें नांव पडलें. हेन्री स्टर्मी हे सायकलविषयक पत्राचे संपादक, जेम्स आर्चर हे यंत्रकार. दोघांच्या नांवें निरनिराळीं पेटंटें होतीं व बोडेन यांनीं दोन्ही मिळविलीं. परंतु बाजारांत गेलेलें यंत्र ज्याच्या डोक्यांतून निघालें, तो विल्यम रायली नांवाचा तिसराच गृहस्थ होता. रायलीनें पूर्वीं दोन चालींचा एक हब रचून दुसऱ्या कंपनीस दिला होता, आणि तेव्हांच्या करारानें त्याच्या पुढील शोधावरहि तिचाच हक्क लागत होता. म्हणून तीन चालींच्या हबचें पेटंट सहकारी आर्चर यांच्या नांवें काढण्यांत आलें. पुष्कळ वर्षांनीं अभ्यासकांनीं ही गोष्ट उजेडांत आणली. तोंवर आर्चर हें नांव जगभर झालें होतें.

रायलीच्या या यंत्राची वाढ होत होत १९३६ सालीं एडब्ल्यू नांवाचा नमुना निघाला. तो पुढें दशकानुदशकें टिकला, म्हणून त्याच्यावरूनच रचना समजून घेणें सोयीचें. आंसावर वीस दांत्यांचें एक चक्र घट्ट बसविलेलें असतें; तें फिरत नाहीं. त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोंवतीं वीस वीस दांत्यांचीं चार ग्रहचक्रें एका पिंजऱ्यांत फिरतात, आणि सर्वांना बाहेरून कवळणारें साठ दांत्यांचें कंकण असतें. सांखळीनें कंकण फिरविलें व चाकाला गति पिंजऱ्याकडून दिली, तर कंकणाच्या चार फेऱ्यांस चाकाच्या तीन होतात. ही चढाची चाल. सांखळीनें पिंजरा फिरविला व गति कंकणाकडून घेतली, तर तिनाच्या चार होतात. ही धांवती चाल. मधल्या चालींत सांखळीच्या एका फेरीस चाकाची एकच फेरी. सारें तेलांत आणि कवचाआड चालतें. चिखल-धूळ आंत सहसा शिरत नाहीं.

मग आपल्याकडे हें कां रुजलें नाहीं? विलायती सायकली येत होत्या तोंवर त्यांच्याबरोबर हा हबहि येई. पण तो हौशीचा व पैशाचा मामला होता. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. १९५१ मध्यें सोनपतची अ‍ॅटलस, १९५२ पासून आसनसोलची सेन-रॅले, १९५६ मध्यें लुधियान्याची हिरो. त्यांना स्वस्त, दणकट, एका चालीची सायकल लाखांनीं काढावयाची होती, आणि ती त्यांनीं काढली. दुसरें कारण रस्त्याच्या कडेला बसणारा मिस्त्री. फ्रीव्हील तो डोळे मिटून उघडतो. त्यांतल्या खिट्यांना कुत्रे म्हणतो, झिजलेले काढतो, नवे घालतो. हबमध्येंहि असेच कुत्रे आहेत, पण त्यांच्या स्प्रिंगा केंसासारख्या आणि सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळणें कठीण. मिस्त्रीनें या झांकल्या पेटीपासून दूर राहणें हा आळस नव्हे, व्यवहार होता. मात्र त्या व्यवहाराची किंमत चढावर ओझेंवाल्याच्या पायांनीं भरली. पुण्यासारख्या शहराला, जेथें एके काळीं घरोघर सायकल होती, ही किंमत विशेष जाणवली नसावी. तेथें ओझें बहुधा डब्याचें नि वह्यांचें.

आज कोणी ओझ्याच्या सायकलीस असा हब लावूं म्हणेल, तर पहिली चूक दांत्यांच्या हिशेबांत होते. समजा, पेडलपाशीं ४८ दांते, मागें १८ आणि चाक २८ इंची आहे. पेडलच्या एका फेरींत सायकल सुमारें साडेएकोणीस फूट जाते. तेवढेंच चक्र ठेवून हब लावला, तर चढाची चाल पावणेपंधरा फुटांची होईल व धांवती सव्वीस फुटांची. दुधाच्या किटल्या घेऊन सव्वीस फुटांची चाल कोण मारणार? ती दाखवावयापुरती राहील. मागें २२ दांते घ्यावे, म्हणजे तिन्ही चाली अनुक्रमें बारा, सोळा व सवाएकवीस फुटांच्या होतात, आणि तिन्ही कामास येतात.

दुसरी अडचण छिद्रांची. आपल्या जुन्या घडणीच्या सायकलीची मागची रिम चाळीस आऱ्यांची असते. आजचे बहुतेक हब छत्तीस छिद्रांचे निघतात. रिम बदलावी, नाहीं तर चाळीस छिद्रांचा जुना हब शोधावा. या हबची कड मोठी, म्हणून आरेहि आंखूड लागतात. फॉर्कच्या दोन पायांमधील अंतर आधीं मोजावें. आंसाच्या दोन्ही बाजूंस दांड्याचे वायसर खांचेंत नीट बसवावे. ते विसरले तर आंस जागेवर फिरतो, आणि सूर्यच हलला तर पुढचें सगळें व्यर्थ. तार ओढून मधली चाल लावावी व उजव्या नटाच्या भोंकांतून पाहावें. आंतल्या सळईचा खांदा आंसाच्या टोकाशीं समपातळींत दिसला पाहिजे. एडब्ल्यूमध्यें मधल्या व धांवत्या चालीच्या दरम्यान एक मोकळी जागा आहे. तार ढिली राहिली, तर भर जोरांत पेडल तेथें रिकामें सुटतें आणि उभा राहिलेला स्वार आपटतो. नव्या नमुन्यांत ही जागा काढून टाकली आहे. तेल महिन्याला थोडें पातळ घालावें. घट्ट ग्रीस भरण्याची मिस्त्रीची संवय येथें उपयोगी नाहीं, कुत्रे चिकटतात.

नॉटिंगहॅमचा कारखाना २००० सालीं बंद पडला व सर्व व्यवसाय तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेला. हब तेथें अद्याप होतात. जुन्या बाजारांत इंग्लंडांतला एडब्ल्यू हातीं लागलाच, तर तो पुसून कवच पाहावें. बनविल्याच्या सालाचे व महिन्याचे आंकडे त्यावर बहुधा ठोकलेले असतात, आणि शेजारीं दोन नांवें असतात. रायलीचें नांव त्यांत नाहीं.