कातड्याचा पदर : कपाळापासून माकडहाडापर्यंत

जखम बरी करणें ही एक विद्या, आणि बरी झालेली जखम पुन्हां उघडूं न देणें ही दुसरी. माकडहाडावर, दोन कुल्ल्यांमधील खांचेंत होणारा केसांचा नाडीव्रण, ज्यास डॉक्टर पायलोनायडल सायनस म्हणतात, हा या दुसऱ्या विद्येची कसोटी पाहणारा आहे. जागा अशी, कीं तरुण मनुष्य आईबापांजवळही तिचें नांव काढावयास लाजतो. आणि दुखणें असें, कीं कापून काढलें तरी कांहीं काळानें पुन्हां डोकें वर काढतें. अशा उलटलेल्या व्रणावर शेजारचें जिवंत कातडें फिरवून बसविणें, म्हणजे फ्लॅप करणें, हा आजचा मुख्य उपाय होय. या उपायामागील तत्त्व युरोपास नव्यानें पटवून देणारी घटना पुण्याजवळ घडली, हें आमच्या वाचकांस ठाऊक असावें.

1792 च्या युद्धांत कावसजी नांवाचा एक मराठा इंग्रजी फौजेंत बैल हांकीत असतां टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळील, विटा करणाऱ्या जातींतील एका माणसानें त्यास नवें नाक दिलें. मेणाच्या पातळ पत्र्याचें नाक करून तें कपाळावर सपाट पसरलें, त्याच्या कडेनें रेषा आंखली, आणि तेवढें कातडें सोडवून खालीं वळविलें. मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेविली. रक्ताचा ओघ तिच्यांतूनच चालावयाचा होता. सुमारें 25 दिवसांनीं, नवें कातडें रुजल्यावर, ती कापली. हा वृत्तांत ऑक्टोबर 1794 च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापला गेला, आणि त्यावरून स्फूर्ति घेऊन कार्प्यू या शस्त्रवैद्यानें 1814 सालीं लंडनमध्यें तीच क्रिया यशस्वी केली. त्या वृत्तांतांत रुग्णाचें नांव आहे, कारागिराचें नाहीं!

आतां नाडीव्रणाकडे वळूं. सुश्रुतानें नाडीव्रणावर क्षारसूत्राचा उपचार सांगितला आहे. केसांनीं भरलेल्या या विशिष्ट व्रणाचें वर्णन मात्र 1833 सालीं हर्बर्ट मेयो यानें केलें, आणि 1880 सालीं बोस्टनच्या हॉजेसनें त्यास ‘केसांचें घरटें’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. हा दोष जन्मजात आहे, अशी समजूत पुढें दीर्घकाळ रूढ होती; म्हणून मूळ सांपडेपर्यंत खोल कापावें, असा शिरस्ता पडला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या जवळजवळ 80,000 सैनिकांस या व्याधीपायीं रुग्णालयांत जावें लागलें, आणि खडबडीत वाटेवर जीपचे धक्के खाणाऱ्यांचा रोग म्हणून तिला ‘जीपरोग’ असें नांव पडलें. 1946 सालीं पेटी आणि स्कार्फ यांनीं लंडनहून प्रतिपादन केलें, कीं हे केस बाहेरून आंत शिरतात. न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यांतही असाच व्रण होतो. तो जन्मजात कसा असेल?

कारण बदललें, तसा उपायही बदलला. दोष खोल मुळांत नसून खांचेंत आहे. म्हणून मधोमध कापून मधोमध शिवलें, तर टांका त्याच ओलसर, केसाळ खांचेंत पडतो आणि केस पुन्हां तेथेंच शिरतो. ग्रीसच्या कॅरिडाकिस यानें 1973 सालीं टांक्याची रेषा एका बाजूस सरकविण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें त्यानें 6,000 हून अधिक रुग्णांचा हिशेब दिला, त्यांत व्रण उलटण्याचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास होतें. रशियाच्या लिंबर्गची रीत भूमितीची: 60 आणि 120 अंशांच्या कोनांचा समभुज चौकोन कापून काढावयाचा, आणि तशाच आकाराचा पदर कुल्ल्यावरून फिरवून तेथें बसवावयाचा. यानें खांच सपाट होते, पण वण मोठा दिसतो. आणि खालचा कोन मध्यरेषेवर राहिला, तर व्रण तेथेंच उलटतो, म्हणून सुधारलेल्या रीतींत तो कोनही बाजूस घेतात. अमेरिकेच्या बास्कमची रीत मांस फारसें न काढतां केवळ खांच उथळ करते. जुने वण विस्तीर्ण असतील, तर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पदर पुढें सरकवून वाय आकारांत शिवतात. यांपैकीं कोणतीही एकच रीत सर्वांत श्रेष्ठ ठरलेली नाहीं. परंतु मध्यरेषा टाळणाऱ्या रीती मध्यरेषेवर शिवण्यापेक्षां सरस, याविषयीं मात्र दुमत उरलेलें नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. सातपुड्याच्या कुशींतील नंदुरबार जिल्ह्याचाच विचार करा. धडगांव-तोरणमाळकडील पाड्यांवर राहणाऱ्या तरुणाची जखम उघडी ठेविली, तर कित्येक आठवडे पट्टी बदलावयास डोंगर उतरून कोणी यावें? त्याची मजुरी बुडते, आणि पट्टी चुकली कीं व्रण चिघळतो. त्यास एकदांच नीट बसणारा पदर म्हणजे पोटाचा प्रश्न आहे. 2020 पासून नंदुरबारास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु रुग्णालय जवळ आलें तरी लाज दूर गेली पाहिजे. घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलाच्या बसण्याउठण्यांतील अवघडलेपण ओळखावें आणि दोष न देतां विचारावें. व्रण उलटला असेल, तर पुन्हां कापण्यापूर्वीं डॉक्टरांस एवढेंच पुसावें, कीं टांका या खेपेस कोठें पडणार?