फूटबाईंचें नळकांडें

वातावरण उष्णता कसें धरून ठेवतें हें शाळेंत शिकवितांना मी वर्षानुवर्षें जॉन टिंडाल यांचेंच नांव सांगत आलों. ती उणीव आज भरून काढतों.

ता. २३ ऑगस्ट १८५६ रोजीं अमेरिकेंतील ऑल्बनी येथें, विज्ञानपरिषदेंत, युनिस फूट या बाईंचा निबंध जोसेफ हेन्री यांनीं वाचून दाखविला. कांचेचीं नळकांडीं, हवेचा पंप आणि थर्मामीटर एवढीच बाईंची सामग्री! कार्बन डायऑक्साइडनें भरलेलें नळकांडें उन्हांत साध्या हवेच्या नळकांड्याहून अधिक तापलें. पारा १२५ अंश फॅरनहाइटवर गेला. बाजूस काढल्यावर तें निवावयासही कितीतरी पट वेळ लागला. अशा वायूचें वातावरण पृथ्वीस फार तप्त करील, हें अनुमानही त्यांचेंच.

तथापि टिंडाल यांचें श्रेय त्यामुळें कमी होत नाहीं. सूर्याची उष्णता आणि तापलेल्या भूमींतून निघणारी अदृश्य उष्णता हीं बाईंच्या प्रयोगांत निराळीं झालीं नव्हतीं. प्राणवायु व नत्रवायु ही अदृश्य उष्णता जाऊं देतात, बाष्प व कार्बन डायऑक्साइड ती शोषतात, हें टिंडाल यांनीं १८५९ पासून लंडनमध्यें मोजून दाखविलें. शोषलेल्या उष्णतेचा कांहीं भाग भूमीकडे परततो, म्हणून पृथ्वी ऊबदार राहते.

बाईंचा निबंध मात्र विस्मृतींत गेला. २०११ मध्यें तो पुन्हां उजेडांत आणला रेमंड सोरेन्सन या निवृत्त भूशास्त्रज्ञांनीं. आणि गंमत अशी, कीं त्यांचा व्यवसाय खनिज तेलाचा!